मास्तरांची वाटी कधी पडली नाही

माझी भाची झोपेवर संशोधन करते. लोकांच्या डोक्याला तारा चिकटवायच्या, त्यांना गादीवर झोपवायचं आणि आपण शेजारच्या खोलीत जागं राहून त्यांच्या मेंदूच्या रेघा बघत बसायचं, याचा तिला पगार मिळतो. आमच्या घराण्यात झोपेला इतका मान आजवर कुणी दिला नव्हता. तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, हे चारचौघांत सांगताना अजून अवघडल्यासारखं होतं. "मेंदूचं काहीतरी आहे तिचं," एवढं सांगून ती चहा टाकायला उठते.

बहिणीचंही बरोबर आहे. आमचे नाना, म्हणजे वडील, शाळामास्तर होते, आणि झोप ही आळशी माणसांनी शोधलेली सवलत आहे असं त्यांचं ठाम मत होतं. दुपारी कुणी आडवं झालेलं दिसलं की ते मुद्दाम तिथे येऊन खुर्ची सरकवायचे, खोकायचे, कपाटाचं दार उघडून पुन्हा लावायचे. ओरडायचे मात्र नाहीत. झोपलेल्या माणसाने आपण होऊन ओशाळावं, अशी त्यांची पद्धत होती.

गेल्या दिवाळीत भाची आली तेव्हा जेवताना तिने सहज विचारलं, "मावशी, आजोबा हातात वाटी धरून जागे राहिले आणि हिंदीची परीक्षा पास झाले, हे खरं का गं?" मी म्हटलं, वाटी खरी, परीक्षा खरी. मधलं जरा ऐकून घे.

आमचं बुऱ्हाणपूर मोठं गमतीचं. आमची मराठी पुण्याच्या माणसाला हिंदी वाटते आणि आमची हिंदी भोपाळच्या माणसाला मराठी वाटते. आम्हाला मात्र दोन्ही आपल्याच वाटतात, त्यामुळे आम्ही कुणाचं मनावर घेत नाही. मी दहाएक वर्षांची असताना राज्यांची नव्याने मांडणी झाली. तोवर आमची राजधानी नागपूर होती, कचेरीत मराठी अर्ज चालायचा आणि मराठी शाळा भरलेल्या असायच्या. मग नागपूर तिकडे गेलं, वऱ्हाड तिकडे गेलं, आम्ही होतो तिथेच राहिलो आणि राजधानी भोपाळला जाऊन बसली. शनवाऱ्यातल्या आमच्या गल्लीत कुणाच्या चुलीवरची भाजी त्यामुळे करपली नाही. पण नानांना हुकूम आला.

मराठी शाळेतल्या मास्तरांनी हिंदीची परीक्षा द्यायची, खांडव्याला जाऊन. दोनदा बसता येईल. दोन्हीदा नापास झालं तर हिंदी वर्ग मिळणार नाही, आणि मराठी वर्ग तर वर्षागणिक आटत चालले होते. रावेरला माझा मामा होता. रावेर गाडीने जवळच, पण दुसऱ्या राज्यात. त्याने लगेच निरोप धाडला की इकडे निघून या, इथे मराठी शाळेत जागा आहे आणि आमच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. मामाचा जीव मोठा होता. आईला मात्र ते मोठेपण झेपेना.

"माहेरी चार दिवस जायचं राहते," ती म्हणाली. "बिऱ्हाड घेऊन नाही जायचं."

नाना त्याच गल्लीत जन्मले होते. संध्याकाळी ते तापीच्या घाटावर जायचे आणि नेहमीपेक्षा उशिरा परत यायचे, एवढंच आम्हाला दिसायचं. आपण इथे राहणार की इथून उठणार, हे आता एका परीक्षेवर येऊन ठेपलं होतं.

बोलायची हिंदी नानांना लहानपणापासून येत होती. आमच्या घराला भिंत लागून चाचांचा पावरलूमचा कारखाना होता. कारखाना म्हणजे लांबट शेड आणि त्यात दाटीने उभे केलेले विजेवरचे माग. या चाचांशी नानांचं रोज हिंदीतच चालायचं. पण परीक्षेची हिंदी वेगळी होती. तिच्यात जड जड शब्द होते, निबंध होते, अर्थ स्पष्ट करायचे होते. नाना मोठ्याने पाठ करायला लागले की चाचा भिंतीपलीकडून विचारायचे, "मास्टरसाब, ये आप किससे लड़ रहे हो?"

नानांनी ठरवलं, परीक्षा संपेपर्यंत झोप बंद. मग काय विचारता. रात्री कंदील, पाटी, पुस्तक आणि पाय थंड पाण्याच्या घमेल्यात. घमेल्यात पाय असतानाही डुलकी आली तेव्हा उभं राहून वाचन सुरू झालं. उभ्यानेही पेंग आली तेव्हा येरझाऱ्या. आम्ही दोघी बहिणी एका गोधडीत पडून त्यांची सावली भिंतीवर जाताना-येताना बघायचो आणि खुदखुदायचो. दिवसा शाळेत ते मुलांना ओळखेनासे झाले. एकदा त्यांनी हजेरीत स्वतःचंच नाव पुकारलं आणि कुणी उत्तर दिलं नाही म्हणून गैरहजेरी मांडली, असं त्यांच्याच वर्गातला एक मुलगा सांगायचा. त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा ते मला माहीत नाही, पण ते शक्य होतं.

खांडव्याहून ते खुशीत परतले. पेपर पाण्यासारखा गेला म्हणाले. गेला हे खरंच होतं. निकाल लागला तेव्हा हेडमास्तर घरी आले, चहा अर्धा संपेपर्यंत केळीच्या भावाबद्दल बोलले आणि मग म्हणाले, "मास्तर, तुमचा निबंध फार सुंदर होता म्हणे. पण दुसऱ्या परिच्छेदापासून तो मराठीत होता."

नानांचा विश्वासच बसेना. त्यांना आठवत होतं ते सगळं हिंदी होतं. पहिला परिच्छेद झोकात हिंदी, मग कुठेतरी गाडीने रूळ बदलला आणि शेवटपर्यंत ती मराठीत धावत राहिली. अक्षरं दोन्हीकडे तीच, त्यामुळे डोळ्यालाही खटकलं नाही. इंग्रजीच्या पेपरात असं कुणाचं होणार नाही. आमच्याकडेच होऊ शकतं.

इथे भाचीने मला थांबवलं. दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या डोक्यात दोन्ही भाषा सदा जाग्या असतात, ती म्हणाली. एकीला बोलू द्यायचं तर दुसरीला दाबून धरावं लागतं. हे दाबून धरण्याचं काम मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाचं, आणि झोप तुटली की तो भाग लवकर ढिला पडतो. माणसाला वाटत असतं आपण अगदी ठीक आहोत. चूक समजायची शक्तीही थकलेली असते.

"म्हणजे वर्गावर लक्ष ठेवणारा मास्तरच पेंगला," मी म्हटलं.

"अगदी तसंच," ती म्हणाली आणि तिने चवथा मांडा घेतला. आमच्या गावचे मांडे चादरीएवढे असतात, त्यामुळे चार म्हणजे पोरीला घरची आठवण येत असणार.

नानांनी मात्र या अपयशातून वेगळाच धडा घेतला. आपण नापास झालो कारण आपण फार झोपलो, असा त्यांचा निष्कर्ष होता. घमेलं कुचकामी ठरलं होतं. आता खात्रीचा उपाय हवा होता. तो त्यांना कुणी सांगितला कोण जाणे. खुर्चीत बसायचं, पुस्तक मांडीवर, आणि एका हातात जाड बुडाची काशाची वाटी अधांतरी धरायची. डोळा लागला की मूठ सुटते, वाटी फरशीवर पडते, ठणाणा वाजते आणि माणूस जागा होतो. वाटी घरात होतीच. नाना रोज जेवणाच्या शेवटी त्याच वाटीने ताक प्यायचे. ताक संपलं की तीच वाटी हातात धरून ते अभ्यासाला बसायचे, म्हणजे उठून दुसरी आणण्यात वेळ जायला नको.

रात्रीचा अभ्यास आईने आधीच बंद पाडला होता. कंदिलाच्या धुराने पोरी खोकून राहिल्या, असं तिने सांगितलं. आम्ही खोकत नव्हतो, पण तिने डोळे वटारल्यावर खोकलो. नानांची शाळा सकाळची असल्याने ते बाराच्या आत घरी यायचे. तेव्हा अभ्यास दुपारी ठरला. ताक, वाटी, खुर्ची, पुस्तक.

आता हा उपाय जगात कुठेही चालला असता. तो फक्त एका गल्लीत चालणं शक्य नव्हतं, आणि ती आमची गल्ली होती.

भिंतीपलीकडे चाचांचे माग दिवसरात्र खटाखट खटाखट चालायचे. पुढच्या घरात माग, मागच्या घरात माग. आमच्या फळीवरची भांडी सतत बारीक थरथरत असायची. मामा रावेरहून आला की कानात कापूस घालून झोपायचा आणि सकाळी डोळे लाल करून उठायचा. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नसे. अशा घरात एक वाटी फरशीवर पडली तर ती ऐकणार कोण?

पहिल्याच दुपारी नानांचं डोकं छातीवर आलं, मूठ सुटली आणि वाटी पडली. मी समोर बसून शेंगा सोलत होते. वाटी पडताना मला दिसली. ऐकू आली नाही. नाना शांत झोपले होते, तोंड किंचित उघडं. कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. आई स्वयंपाकघरातून आली, तिने वाटी उचलली, आत गेली. थोड्या वेळाने पुन्हा आली आणि नानांची बोटं एकेक करून अलगद मिटत तिने वाटी त्यांच्या हातात दिली. माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

मग जेवणाची आणि नमाजाची सुट्टी झाली आणि चाचांकडचे माग एकदम थांबले. त्याबरोबर नाना ताडकन उठले.

"काय झालं? लूम का बंद झाल्या?"

"काही नाही, जेवाची सुट्टी झाली," आई म्हणाली.

नानांनी हाताकडे बघितलं. वाटी जागच्या जागी होती. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मला आजही दिसतं. "बघ," ते मला म्हणाले. "मनावर ताबा असला की डोळा लागत नाही."

गल्लीतलं कुणीही आवाजाने उठायचं नाही. आवाज थांबला की उठायचं. दिवे गेले, माग बंद पडले की रात्री सगळी गल्ली ओट्यावर येऊन बसायची आणि एकमेकांना विचारायची काय झालं. भाची म्हणते, झोपेतही मेंदू कान बंद करत नाही. ओळखीचा आवाज चालू आहे तोवर त्याला चिंता नसते. त्यात बदल झाला की तो माणसाला हलवून उठवतो. ती हे परक्या देशातल्या परिषदेत बोलून आली. आमच्या गल्लीत ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, फक्त आम्हाला ते सांगायला जायला कुणी विमानाचं भाडं दिलं नाही.

आईला शास्त्र ठाऊक नव्हतं. तिने एवढंच बघितलं की ज्या दिवशी नानांना दुपारी नीट झोप लागते, त्या संध्याकाळी ते आमच्यासमोर धडा घडाघडा म्हणतात. आणि ज्या दिवशी सुट्टी लवकर होऊन झोप मोडते, त्या संध्याकाळी ते पुस्तकाशी भांडतात, मग आमच्याशी. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असायची. त्या शांततेत नानांचा डोळा लागायचाच नाही, ते खरोखर ताठ बसून वाचायचे, आणि शुक्रवारचा धडा हमखास शनिवारी पुन्हा करावा लागायचा. नाना म्हणायचे, शुक्रवारचे धडे कठीण असतात.

वाचलेलं झोपेतच घट्ट बसतं, असं भाची सांगते. दिवसभर गोळा केलेलं मेंदू झोपेत पुन्हा उलगडून बघतो आणि जागच्या जागी लावतो. आई रोज दुपारी डब्यांची फळी लावायची, तिला हे लगेच पटलं असतं.

ती चाचांकडे गेली. मीही तिच्या मागे गेले. चाची भाकरी करत होती, चाचा हात धूत होते. आईने डोक्यावरचा पदर सारखा करत सांगितलं की जेवणाच्या सुट्टीत सगळे माग बंद होतात तेव्हा यांची झोप मोडते, एखादा चालू ठेवता येईल का.

चाचा आधी हसलेच. "भाभी, सोने से आदमी पास होता है? फिर तो मेरा पूरा कारखाना बी.ए. है!"

चाची तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "हँसते क्या हो? ये लोग रावेर चले गए तो रोज किसका दिमाग खाओगे?"

ओले हात पुसत चाचा म्हणाले, कोपऱ्यातल्या एका मागाला सूत मिळालेलं नाही, तो नुसताच उभा आहे. त्याला कुणी सांभाळायलाही नको. "खाली चला देंगे। मेरा क्या जाता है।"

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात सगळे जेवायला बसायचे आणि कोपऱ्यात एक माग सुताशिवाय, कापडाशिवाय, नुसता खटाखटा करत राहायचा. एका हिंदू मास्तराला झोप लागावी म्हणून नमाजाच्या वेळीसुद्धा तो थांबला नाही. चाचा सतरंजी घेऊन ओट्याच्या पलीकडच्या टोकाला जायचे आणि परत येताना आमच्या दारातून डोकावून विचारायचे, "सो रहे हैं?" आई मान हलवायची. गल्लीतल्या सगळ्या बायकांना हे माहीत होतं. भाजीवालीला माहीत होतं. ती आमच्या दारासमोर आवाज न देता पुढे जायची. माहीत नव्हतं ते फक्त नानांना. ते जागे व्हायचे तेव्हा वाटी हातात असायची, आणि संध्याकाळी धडा तोंडपाठ.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी पहाटेच्या गाडीने खांडव्याला जायचं होतं. आईने मीही येते म्हणून हट्ट धरला. नानांना वाटलं, तिला काळजी वाटते. तिला काळजीच वाटत होती, पण वेगळी. आदल्या रात्री नाना घोकत बसले होते. आता जे काही होईल ते गाडीतच, असं तिने ठरवलेलं होतं. धाकटीला चाचीकडे ठेवून मला बरोबर घेतलं. टांग्याने लालबागला, आमच्या गावच्या स्टेशनवर, आलो. डब्यात शिरल्याबरोबर तिने नानांना खिडकीशी बसवलं, पुस्तक त्यांच्या मांडीवर दिलं आणि पिशवीतून काशाची वाटी काढून हातात ठेवली. समोरचे प्रवासी बघत राहिले.

गाडीने वेग घेतला, डबा खडखडायला लागला आणि नाना गेले. वाटी त्यांच्या धोतराच्या घोळात पडली. आईने ती पिशवीत टाकली. स्टेशन आलं, गाडी थांबली, खडखड थांबली, आणि नाना दचकून उठले.

"आलं का?"

"नाही अजून. झोपा तुमी."

गाडी निघाली की पुन्हा झोप. पुढचं स्टेशन आलं की पुन्हा "आलं का?" आणि आईचं तेच, "नाही अजून. झोपा तुमी." ती हे इतक्या हळू म्हणायची की ते अर्धवट जागेपणी ऐकायचे आणि विसरायचे. समोरच्या बाईने विचारलं, आजारी आहेत का? आई म्हणाली, "नाही, परीक्षेला चालले." खांडवा जवळ आलं तेव्हा तिने वाटी पुन्हा त्यांच्या हातात दिली.

परीक्षा होईपर्यंत आम्ही मायलेकी कडुलिंबाखाली बसून होतो. माझ्या वेणीची रिबन आईने किती वेळा सोडून बांधली असेल, माझं डोकं दुखायला लागलं. शेवटी नाना बाहेर आले. आई उठून उभी राहिली. "कसा गेला?"

"अत्यंत संतोषजनक," नाना म्हणाले. "चलिए, अब कुछ जलपान किया जाए।"

आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. लालबागला उतरेपर्यंत हा माणूस मराठीत आला नाही. टांगेवाला आमच्याच ओळखीचा, त्यालाही नानांनी "शनवारा प्रस्थान करेंगे" असं सांगितलं. तो आईला म्हणाला, "वहिनी, मास्तरांना ऊन लागलं का?" पण आई हसत होती. या वेळी गाडी रुळावरून घसरली नव्हती, हे तिला कळलं होतं.

नाना पास झाले. आम्ही रावेरला गेलो नाही. पुढे तीसेक वर्षं ते बुऱ्हाणपुरात हिंदी शिकवत होते, आणि दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या तासाला वाटीची गोष्ट सांगत होते. "दुपारभर हातात वाटी धरली, एकदा पडू दिली नाही!" चाचा समोर असले तरी सांगायचे. चाचा गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "हाँ मास्टरसाब, हमने देखा है।" आई आत जाऊन पदर तोंडाला लावायची. आमच्या मॅट्रिकला नानांनी आम्हा दोघी बहिणींच्याही हातात वाट्या दिल्या. आमच्या पडायच्या. तेव्हा नाना मान हलवायचे. मनावर ताबा नाही.

आम्ही कुणीच त्यांना सांगितलं नाही. सांगून काय मिळणार होतं?

निवृत्त झाल्यावर त्यांनी लालबागला घर बांधलं. चांगलं हवेशीर, शांत. शांत हेच वाईट झालं. नानांची झोप त्या घरात कधी बसलीच नाही. आई होती तोवर ती रात्री उठून पंखा मुद्दाम खडखडणाऱ्या वेगावर ठेवायची. मग आई गेली. त्यानंतर नाना रात्रभर टक्क जागे राहायला लागले, आणि हळूहळू त्यांच्या आठवणीतले दुवे निखळायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. मी तेव्हा त्यांच्याजवळ राहत होते. ज्या माणसाने मला पाढे शिकवले तो मला "बाई, तुम्ही कुठल्या?" असं अदबीने विचारायचा, आणि मी नीट उत्तर द्यायची. आत जाऊन रडायची.

भाची तेव्हा शिकत होती. गाढ झोपेत मेंदू दिवसभराचा कचरा धुऊन टाकतो असं दिसतं, ती फोनवर म्हणाली. झोप गेल्याने आठवण गेली की आठवण जाण्याच्या आजारानेच झोप गेली, हे मात्र आम्हालाही नक्की सांगता येत नाही. आणि झोप आली तरी गेलेलं परत येईल असं नाही, मावशी. खोटी आशा ती देत नाही. आजोबांवर गेली आहे.

एके दिवशी दुपारी मी शिकवण्या आटोपून रोजच्यापेक्षा लवकर आले तर नाना घरात नव्हते. गल्ली पालथी घातली, स्टेशनवर बघितलं. मग काय सुचलं कोण जाणे, रिक्षा केली आणि शनवाऱ्यात गेले. जेवणाची सुट्टी होती. गल्लीत सामसूम. फक्त चाचांच्या कारखान्यातून एका मागाचा आवाज येत होता.

कोपऱ्यात खाटेवर नाना झोपले होते, तोंड किंचित उघडं. त्यांच्या शेजारी एक माग सुताशिवाय खटाखटा चालू होता. चाचा, आता पार म्हातारे, कानाने अधू, उशाशी बसून विडी न पेटवता नुसती हातात फिरवत होते.

"कब से आते हैं?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"बहुत दिन से। रिक्शेवाला छोड़ जाता है, वही ले जाता है। तुमको नहीं मालूम था? आते ही बोलते हैं, चाचा, वो खाली वाली लगा दो।"

मी म्हटलं, तुम्ही सांगितलं त्यांना? चाचांनी कानाच्या पाळ्या धरल्या. "कसम से बेटी। मैं तो पहले दिन खुद घबरा गया।"

मी खाटेच्या कडेला बसून राहिले. सुट्टी संपली, कारागीर परतले, कुणीतरी मागाचं बटण बंद केलं. नानांनी डोळे उघडले. झोपून उठल्यावर थोडा वेळ ते पूर्वीचे असायचे. त्यांनी मला ओळखलं. नावाने हाक मारली.

"नाना," मी विचारलं, "तुम्हाला ती रिकामी लूम कशी ठाऊक?"

"वेडी आहेस का तू?" ते म्हणाले. मला किती दिवसांनी कुणी वेडी म्हटलं होतं. "जन्म गेला माझा इथे. भरलेला डबा आणि रिकामा डबा यांचा आवाज सारखा असतो का? आणि ती वाटी. मी ताक पिऊन बसायचो, उठायचो तेव्हा वाटी घासलेली, लख्ख. तुझ्या आईला खरकटं भांडं तसंच ठेवणं कधी जमलं का?"

मी हसायला लागले आणि मला थांबता येईना. सगळी गल्ली सामील, भाजीवाली सामील, आणि माझ्या आईने रोज न चुकता ती वाटी घासून त्यांच्या हातात दिली होती.

"मग बोलला का नाहीत कधी?"

"बोललो असतो तर जागं राहावं लागलं असतं ना," नाना म्हणाले. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला. "हे बघ, तू तिला सांगू नको. मला कळलं नाही असं वाटतं तिला. बरं वाटतं तिला तसं."

आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

"नाही सांगणार," मी म्हटलं.

चाचांनी आम्हाला रिक्षापर्यंत पोचवलं. इंजिन सुरू झालं, रिक्षा थडथडायला लागली आणि नानांची मान माझ्या खांद्यावर आली. त्यांचा हात माझ्या हातात होता, बोटं सैल पडलेली. शनवाऱ्याच्या दरवाज्याशी गर्दी होती. केळीचा ट्रक आडवा आला होता. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं.

नाना दचकले. "आलं का?"

"नाही अजून," मी म्हटलं. "झोपा तुमी."